बागेत उतरलेलं बदक वाट चुकलेलं नसतं

१. तीन प्रश्न आणि एक गृहीतक

लंडनच्या उपनगरात किंवा न्यू जर्सीत मागे हिरवळीचा तुकडा असलेल्या घरात राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या-दुसऱ्या वसंतातच एक प्रश्न पडतो. मार्च-एप्रिलच्या सकाळी अंगणात बदकांची एक जोडी उतरते. नराचं डोकं चमकदार हिरवं, गळ्याभोवती पांढरी कडी. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. ही मॅलार्ड जातीची जंगली बदकं. जवळपास ना नदी, ना तळं. मग ही वाट चुकली असतील का? यांना काय खायला घालावं? आणि इथेच पिल्लं झाली तर ती उचलून एखाद्या तळ्यावर सोडावीत का? प्रश्न तीन असले तरी त्यांच्या तळाशी एकच गृहीतक आहे: बदकाची जागा पाण्यात, त्यामुळे गवतावर दिसलेलं बदक अडचणीत सापडलेलं असणार.

हे गृहीतक अर्धंच खरं आहे. बदकाला पाणी लागतं, पण प्रत्येक कामासाठी नाही आणि वर्षाच्या प्रत्येक दिवशीही नाही. काही कामांसाठी तर पाण्याचा काठ ही सगळ्यांत धोक्याची जागा ठरते. बागेत आलेल्या बदकाला त्या बागेतून एखादीच गोष्ट हवी असते आणि तीही काही आठवड्यांपुरती. ती कोणती हे कळलं की मदत कशाला म्हणायची आणि लुडबूड कशाला, हे ठरवणं सोपं जातं. माझ्या मते बागेतल्या बदकांच्या बाबतीत माणसाकडून होणारं बहुतेक नुकसान क्रौर्यातून होत नाही, घाईच्या दयेतून होतं. हे म्हणणं पुराव्यावर टिकतं का, ते आता क्रमाने पाहू.

त्याआधी एक खुलासा. अंगणात आलेलं बदक पांढरंशुभ्र, अंगाने जड आणि माणूस जवळ गेला तरी न उडणारं असेल, तर ते बहुधा पाळीव बदक आहे. कुणाकडून सुटलेलं असेल, नाहीतर कुणी सोडून दिलेलं. त्याला खरोखरच मालकाची किंवा निवाऱ्याची गरज असते. जगातली जवळजवळ सगळी पाळीव बदकं मॅलार्डपासूनच निपजली आहेत (मस्कोव्ही हे दक्षिण व मध्य अमेरिकेकडचं बदक त्याला अपवाद), म्हणून दोघांची गल्लत होते. हे प्रकरण उडून येणाऱ्या आणि उडून जाणाऱ्या बदकांविषयी आहे.

२. हिरवळीवर असतं तरी काय?

मॅलार्डची जोडी शरद ऋतूत किंवा हिवाळ्यातच जमलेली असते. वसंत लागला की मादीसमोर मोठं काम उभं राहतं. तिचं वजन साधारण एक किलो आणि एका अंड्याचं पन्नास ग्रॅमच्या आसपास. दहा अंडी घालायची म्हणजे सुमारे अर्धा किलो, जवळजवळ स्वतःच्या निम्म्या वजनाइतका ऐवज दोन आठवड्यांच्या आत शरीरातून बाहेर काढायचा. अंड्याच्या बलकाला प्रथिनं आणि चरबी लागते, कवचाला कॅल्शियम. एरवी बी-बियाणं आणि पाणवनस्पतींवर भागवणारी मादी या दिवसांत गांडुळं, गोगलगायी आणि किड्यांच्या मागे लागते. पावसाने भिजलेल्या हिरवळीत हे सगळं चोचीच्या अंतरावर मिळतं. त्यातच एखाद्या घरात चिमण्यांसाठी दाण्याचं भांडं टांगलेलं असेल, तर त्याखाली सांडलेले दाणे आयतेच. म्हणजे जोडी भरकटलेली नसते, ती चरायला आलेली असते. तिच्याकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. मादी मान खाली घालून सारखी टिपत असते आणि नर मात्र फारसं न खाता मान ताठ करून उभा असतो. तो पहारा देत असतो, त्यामुळे तिला डोकं वर काढण्यात वेळ घालवावा लागत नाही.

हा पहारा बदकांच्या अंगात किती खोलवर मुरला आहे, याचा एक सुंदर पुरावा १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. नील्स रॅटनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅलार्ड बदकांना रांगेत झोपू दिलं आणि त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. रांगेच्या मधली बदकं दोन्ही डोळे मिटून झोपली. टोकाची बदकं मात्र बराच वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपत होती, आणि उघडा डोळा असायचा तो रांगेच्या बाहेरच्या बाजूचा, जिकडून शत्रू येऊ शकेल त्या दिशेचा. त्या वेळी मेंदूचा एक अर्धा भाग झोपेत आणि दुसरा जागा असे. धोका किती आहे यानुसार बदक आपली झोपसुद्धा वाटून घेतं, असं यातून दिसलं. असा प्राणी रोज सकाळी त्याच अंगणात उतरत असेल, तर तो रोज वाट चुकतो असं मानण्यापेक्षा त्याने ती जागा पारखून घेतली आहे असं मानणं जास्त सयुक्तिक आहे.

३. घरटं पाण्यापासून लांब का?

चरणं समजलं. पण अनेकदा मादी पुढे जाऊन बागेतच अंडी घालते. कुंपणाच्या झुडपाखाली, फुलांच्या वाफ्यात, वेलीच्या जाळीत, कधी गच्चीवरच्या कुंडीत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९४५ साली एका मादीने विस्कॉन्सिन अॅव्हेन्यूच्या पुलाखाली, नदीत रोवलेल्या एका जुन्या लाकडी खांबाच्या माथ्यावर अंडी घातली. वरून वाहनं जात होती आणि कठड्याला टेकून लोक बघत होते. महायुद्धाच्या बातम्यांनी थकलेल्या वाचकांना वृत्तपत्रांनी ही बातमी दिवसेंदिवस पुरवली. मादीचं नाव पडलं गर्टी, आणि पुढे त्याच पुलावर तिचे आणि तिच्या पिल्लांचे ब्राँझचे पुतळे बसले. लोकांना तो भाबडेपणा वाटला. पण गर्टीच्या बाजूने विचार केला तर पाण्यात उभ्या असलेल्या खांबावर कोल्हा चढत नाही.

जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याचा खरा प्रश्न हाच असतो. जवळजवळ महिनाभर अंडी एकाच जागी राहणार आणि त्या काळात ती कुणाच्याही नजरेला किंवा नाकाला सापडता कामा नयेत. अंडी खाणाऱ्यांना पाण्याचा काठ पाठ असतो. कोल्हा, उंदीर-घुशी, कावळे आणि कावळ्यांची भावंडं असलेले मॅगपाय काठाकाठानेच हिंडतात, कारण तिथे काही ना काही सापडतंच. काठापासून दूर गेलं की शोधणाऱ्याला सगळा परिसर धुंडाळावा लागतो. म्हणून मॅलार्ड मादी पाण्यापासून काहीशे मीटर, कधी किलोमीटरभर किंवा त्याहूनही लांब घरटं करते. पाणी तिला अंडी फुटल्यावर लागणार असतं. त्याआधी तिला आडोसा हवा असतो, आणि दाट झुडूप, रात्री बंद होणारं फाटक, दिवसा माणसांची ये-जा असलेली बाग तो चांगला पुरवते. माणूस जवळ असला की कोल्हा दिवसा सहसा फिरकत नाही.

इथे एक आक्षेप घेता येईल. मादीला एवढी अक्कल कुठली? तिने योगायोगाने झुडूप गाठलं असेल, आणि कारण आपण मागाहून चिकटवतो आहोत. आक्षेप रास्त आहे, आणि मादी मनाशी बेरीज-वजाबाकी करते असा माझाही दावा नाही. पण पायात कड्या घालून ओळख पटवलेल्या मॅलार्ड माद्यांच्या अभ्यासांतून एक कल दिसून आला आहे: ज्या मादीची अंडी सुखरूप उबली, ती पुढच्या वर्षी त्याच जागी किंवा तिच्या आसपास परतण्याची शक्यता जास्त असते. जिचं घरटं लुटलं गेलं, ती जागा बदलण्याकडे झुकते. शिवाय माद्या आपण जन्मलो त्या भागाकडेही परततात. यशस्वी जागा टिकते आणि फसलेली सुटते, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं की अक्कल प्रत्येक बदकात नसली तरी त्याच्या सवयीत उतरते. एकाच बागेत लागोपाठ तीन-चार वर्षं बदक येतं तेव्हा घरमालकाला वाटतं की आपला लळा लागला. लळा नसतो. गेल्या वर्षी तिथे अंडी कुणी खाल्ली नाहीत, एवढंच त्यामागचं कारण असतं, आणि तेही काही कमी कौतुकाचं नाही.

४. ‘सोडून दिलेली’ अंडी

घरटं सापडल्यानंतरची पहिली चूक इथे होते. वाफ्यात तीन-चार अंडी दिसतात, वर पानांचा आणि पिसांचा थर, आणि मादीचा पत्ता नाही. दोन दिवस वाट पाहून माणूस ठरवतो की आईने अंडी टाकली. मग कुणी ती कोंबडीखाली ठेवतं, कुणी दिव्याखाली. खरं तर त्या दिवसांत मादीने तिथे नसणंच अपेक्षित आहे. मॅलार्ड मादी साधारण रोज एक अंडं घालते. त्यासाठी थोडा वेळ येते, अंडं घालते, स्वतःच्या छातीची मऊ पिसं आणि पाचोळा त्यावर ओढते आणि निघून जाते. उबवायला ती शेवटचं अंडं घातल्यावरच बसते. इडलीपात्रातले साचे एकेक करून भरत जातात, पण वाफ मात्र सगळे भरल्यावर एकदमच लावतात, तसंच हे. पहिला साचा आधी भरला म्हणून पहिली इडली आधी शिजत नाही. ऊब मिळेपर्यंत अंड्यातली वाढ जवळजवळ थांबलेली असते. त्यामुळे दहा दिवसांच्या अंतराने घातलेली अंडी जवळपास एकाच दिवशी फुटतात.

उदाहरण घेऊ. मादीने १ एप्रिलला पहिलं अंडं घातलं आणि रोज एक याप्रमाणे १० एप्रिलला दहावं. उबवणीचा काळ साधारण २८ दिवसांचा, म्हणजे पिल्लं ८ मेच्या सुमारास बाहेर येतील आणि ९ मेच्या सकाळी घरटं रिकामं होईल. १ ते १० एप्रिल या काळात घरटं बहुतांश वेळ निराधार दिसेल. १० एप्रिलनंतर चित्र उलटतं. मादी दिवसातून एक-दोनदाच थोड्या वेळासाठी उठते आणि एरवी इतकी निश्चल बसते की बाग झाडणाऱ्यालाही ती दिसत नाही. म्हणजे पहिलं अंडं दिसल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली तर पुढच्या जवळजवळ सगळ्या घटनांचा अंदाज बांधता येतो आणि त्या काळात झुडुपं छाटायची की नाहीत हेही ठरवता येतं. कायदाही याच बाजूचा आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार वापरात असलेलं घरटं हलवणं किंवा मोडणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा तेच सांगतो.

या काळात नर कुठे असतो? तो गेलेला असतो. मादी उबवायला बसली की काही दिवसांत नर तिला सोडतो आणि इतर नरांबरोबर एखाद्या सुरक्षित पाणथळ जागी जमतो. तिथे त्याची पिसं झडतात, भडक रंग जाऊन तो मादीसारखा तपकिरी होतो आणि तीन-चार आठवडे त्याला उडताही येत नाही. बाप पळाला म्हणून त्याला नावं ठेवण्याचा मोह होतो. पण हिरव्या चमकत्या डोक्याचा पक्षी घरट्याशेजारी बसला असता तर ज्या आडोशासाठी मादी इतक्या लांब आली त्यावर पाणी पडलं असतं.

५. पिल्लं तळ्यावर नेऊन सोडावीत का?

मुख्य वाद इथे आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती डोळे उघडे, अंगभर लव आणि पाय चालते असलेली. दिवसभरात आई त्यांना घेऊन निघते. बागेतून गल्ली, गल्लीतून रस्ता, रस्त्यापलीकडे कुठेतरी पाणी. गाड्या आहेत, मांजरं आहेत, आणि ही दहा पिल्लं रांगेने चाललेली. हे पाहून स्वस्थ बसवत नाही हे समजण्यासारखं आहे. त्यातून पहिला विचार येतो तो पिल्लं टोपलीत घालून गाडीने तळ्यावर पोहोचवण्याचा. पण पिल्लं उचलली की आई उडते. घाबरलेली आई नेमकी त्याच तळ्यावर येईल याची काहीच खात्री नसते. तिने मनात धरलेलं पाणी वेगळंच असू शकतं. आणि आईविना पिल्लाला पाणी हा आधार नसून धोकाच असतो. पहिले काही आठवडे पिल्लांना शरीराची ऊब स्वतः टिकवता येत नाही. पोहून आली की ती आईच्या पंखांखाली शिरतात. ते पंख नसतील तर थंडीनेच ती दगावतात. आधीच कुटुंब असलेली दुसरी मादी अनोळखी पिल्लांना चोचीने हाकलून लावते, हेही ध्यानात घ्यावं.

पिल्लं आईला बांधलेली असतात याचा शोध प्राणिवर्तनशास्त्रातला एक गाजलेला भाग आहे. कोनराड लोरेन्झ यांनी १९३०च्या दशकात दाखवलं की हंसाच्या जातीची पिल्लं जन्मल्यावर थोड्याच अवधीत जे हलतं-चालतं समोर दिसेल त्याच्या मागे लागतात आणि पुढे त्यालाच धरून राहतात. या आणि इतर कामासाठी त्यांना १९७३ मध्ये दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. मॅलार्डची पिल्लं मात्र एवढी भोळी निघाली नाहीत. ती नुसत्या चालत्या माणसामागे येईनात. त्यांना आईचा आवाजही हवा होता. म्हणून लोरेन्झ महाशय गवतात उकिडवे बसून सतत ‘क्वॅक क्वॅक’ करत सरकत राहिले, तेव्हा कुठे पिल्लं मागे आली. उंच गवतात पिल्लं दिसत नव्हती, त्यामुळे कुंपणापलीकडच्या बघ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. आपल्या प्रश्नापुरता यातला मुद्दा असा की आईचा आवाज आणि आईचं असणं या दोन्ही गोष्टी पिल्लांच्या जगण्याला आवश्यक आहेत आणि टोपलीत यांपैकी एकही येत नाही.

यावर कुणी २००५ चं उदाहरण देईल. त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याच्या इमारतीसमोर, पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवरच्या एका झाडाच्या बुंध्याशी मॅलार्ड मादीने अंडी घातली. सरकारने भोवती लोखंडी कठडा लावला आणि पिल्लं झाल्यावर सगळ्या कुटुंबाला रॉक क्रीक या ओढ्याकाठी हलवलं. तेव्हा हलवता येतंच की! येतं, पण तिथे आईलाही पकडून पिल्लांबरोबरच नेलं होतं, आणि ते काम हाताने रोज पक्षी पकडणाऱ्या तज्ज्ञांचं होतं. घरच्या माणसाने चादर टाकून आई पकडायला जाणं म्हणजे ती निसटण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा साधा मार्ग बरा. पिल्लं निघायच्या दिवशी फाटक उघडं ठेवावं, कुत्रा-मांजर घरात घ्यावं, आणि आई निघाली की बऱ्याच अंतरावरून मागे चालत रस्ता ओलांडताना वाहनं थांबवावीत. चारही बाजूंनी भिंती असलेल्या अंगणात घरटं असेल तर तिथे मात्र हात घालावा लागतो. पिल्लं उघड्या खोक्यात आईला दिसतील अशी ठेवून, तिला मागे येऊ देत, सावकाश फाटकाबाहेर न्यावीत. गच्चीच्या कठड्याला फटी नसतील तर पिल्लांना खाली उडीच मारता येत नाही, तिथेही हीच गत. फटी असतील तर दोन-तीन मजल्यांवरून मारलेल्या उड्या बहुधा निभावतात, कारण पिल्लू जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचं आणि लवेने फुगलेलं असतं. खाली फरशी असेल तर गाद्या-उशा अंथरायला हरकत नाही.

बागेतच छोटं तळं आहे, मग आई इथेच का राहत नाही, असंही विचारलं जातं. उत्तर अन्नाच्या हिशोबात आहे. पिल्लं सुरुवातीला जवळजवळ पूर्णपणे पाण्यावरच्या आणि पाण्यातल्या किड्यांवर वाढतात. दोन मीटर लांबीचं तळं दहा पिल्लांनी दोन-तीन दिवसांत साफ होतं. बेडकांची अंडी, पाणवनस्पतींचे कोंब, सगळं फस्त. वर विष्ठेने पाणी हिरवंगार. ती निघून जातात हेच दोघांच्या हिताचं असतं. मात्र असतील तोवर एक फळी काठावरून तिरकी पाण्यात सोडावी. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काठाच्या तळ्यात किंवा पोहण्याच्या तलावात पिल्लं उतरतात सहज, पण बाहेर चढू शकत नाहीत आणि दमून बुडतात. बदकाची पिल्लं बुडतात हे ऐकायला विचित्र वाटेल, पण बागेत होणाऱ्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंत हा प्रकार नेहमीचा आहे.

६. पाव घालावा का?

थोडक्यात, घालू नये. पण या प्रश्नात सहसा सांगितलं जातं त्यापेक्षा जास्त गुंता आहे. इंग्लंड-वेल्समध्ये कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने अंदाज मांडला होता की लोक बदकांना वर्षाला साठ लाख पाव चारतात. पावात पिष्ट भरपूर आणि बाकी फार थोडं. उरलेला पाव पाण्यात कुजतो, शेवाळ वाढतं, उंदीर येतात. म्हणून पाव बंद करण्याचा प्रचार झाला आणि तो लोकांनी मनावर घेतला. पुढे टेम्स नदीवर राणीच्या राजहंसांची गणती करणाऱ्या अधिकाऱ्याने उलटी तक्रार केली: भीतीपोटी लोकांनी खाणं घालणंच सोडलं आणि हंस उपाशी राहू लागले. पावाने पंख वाकडे होतात हा समजही तपासून पाहावा लागतो. पिल्लांच्या पंखाचा सांधा पिसांचं वजन न पेलल्याने बाहेर वळतो, हा विकार खरा आहे. अती पौष्टिक खाणं हे त्याचं कारण सांगितलं जातं, पण त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

शहरातल्या मोठ्या तलावाची आणि घरच्या बागेची गोष्ट मात्र वेगळी आहे. बागेत आलेली मादी स्वतः गांडुळं आणि गोगलगायी शोधू शकते, किंबहुना त्यासाठीच आलेली असते. तिला पाव घालणं म्हणजे प्रथिनांच्या जागी पिष्ट भरणं. त्याहून वाईट म्हणजे रोज ठरल्या वेळी खाणं मिळालं की शेजारपाजारची आणखी बदकं जमतात, त्यांच्यामागे कावळे येतात, आणि मादीने जी जागा लपलेली म्हणून निवडली तीच गजबजते. खाणं घालायचंच असेल तर अंडी घालण्याआधीच्या दिवसांत मूठभर ओट किंवा भरडलेला मका, घरट्यापासून दूर. उबवणी सुरू झाल्यावर पाण्याचं उथळ ताट पुरे.

७. “पण पिल्लं तर मरतात!”

हो, मरतात, दहातली निम्मी पिल्लंसुद्धा उडण्याच्या वयाची होत नाहीत असं अनेकदा घडतं. पन्नास-साठ दिवसांत पंखांत बळ येईपर्यंत मासे, बगळे, कावळे, मांजरं आणि थंडी त्यांचा घास घेतात. आता एक आकडेमोड करून पाहा. समजा, एक मादी तीन वर्षं वीण करते आणि दर वर्षी दहा अंडी घालते. एकूण तीस अंडी झाली. जोडीची जागा भरून काढायला त्यांतली दोन वाढून विणीच्या वयाची झाली की संख्या जिथल्या तिथे राहते. तीसच्या तीस जगली तर पाच-सहा पिढ्यांत इंग्लंडातल्या तळ्यांवर पाय ठेवायला जागा उरणार नाही. म्हणजे मादी दहा अंडी घालते ती बहुतेक मरतील हे गृहीत धरूनच. मग कशालाच हात लावू नये का? तसंही नाही. मांजर आपण आणलं, गुळगुळीत तळं आपण खणलं, रस्ता आपण बांधला. या धोक्यांची जबाबदारी आपल्याकडे येते. कावळा आपण आणलेला नाही. कावळ्याने पिल्लू उचललं म्हणून उरलेली नऊ घरात आणून खोक्यात ठेवण्याने फायदा होत नाही, हे पाचव्या भागात पाहिलंच.

माणसाच्या बाजूचा एक धोकाही नोंदवायला हवा. २०२१ पासून युरोप-अमेरिकेत पसरलेला एच५एन१ हा बर्ड फ्लू जंगली बदकांच्या अंगात अनेकदा लक्षणांशिवाय राहतो. मेलेलं बदक हाताने उचलू नये, हिरवळीवरची विष्ठा साफ केल्यावर हात धुवावेत, आणि घरी कोंबड्या असतील तर त्यांचं दाणा-पाणी जंगली बदकांच्या चोचीपासून लांब ठेवावं. हा आजार महाराष्ट्राला नवा नाही. भारतातल्या कोंबड्यांमधली एच५एन१ची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडली होती.

८. आपल्या परसात कोणतं बदक येईल?

महाराष्ट्रातला वाचक आता विचारेल की नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीला, उजनीला हिवाळ्यात बदकं येतात ती आमच्या बागेत का उतरत नाहीत? आतापर्यंतच्या विवेचनातून याचं उत्तर निघतं. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही मंडळी उत्तरेकडून इथे फक्त हिवाळा काढायला येतात. त्यांची वीण इथे होत नाही. घरटं नाही, तर आडोशाचीही गरज नाही. त्यांना हवं असतं ते उघडं, विस्तीर्ण पाणी, जिथे थव्यात बसून चहूकडे नजर ठेवता येते. झाडांनी वेढलेली घरची बाग त्यांच्या दृष्टीने सापळाच. मॅलार्ड तर महाराष्ट्रात क्वचितच दिसतो. तो प्रामुख्याने वायव्य भारतापर्यंत येतो.

इथे विणणारी बदकं थोडी आहेत आणि त्यांचा वसंत म्हणजे पावसाळा. हळदी-कुंकू बदक, ज्याच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके असतात, तळ्याकाठच्या दाट गवतात घरटं करतं. मोठ्या तळ्याला लागून शेतघर असेल तर ते बांधावर येऊ शकतं. परसात येण्याची खरी शक्यता आहे ती अडईची. ही तांबूस तपकिरी, लांब मानेची, उडताना शीळ घालणारी बदकाची जात बहुतेक रात्री चरते. त्यामुळे शेजारी असूनही ओळख नसते. अडई पावसाळ्यात भातखाचरांच्या आणि तळ्यांच्या आसपास जुन्या झाडाच्या ढोलीत, कधी कावळ्याच्या किंवा बगळ्याच्या सोडलेल्या घरट्यात, तर कधी गवतात अंडी घालते. मॅलार्डच्या नरासारखा हिचा नर निघून जात नाही. नर-मादी आळीपाळीने उबवतात आणि पिल्लंही दोघं सांभाळतात. काणूक हे चिमुकलं बदकही ढोलीतच विणतं. दोघांची पिल्लं ढोलीतून थेट खाली उडी घेतात आणि पाण्याकडे चालू लागतात.

म्हणजे इंग्लंडातल्या बागेत झुडपाला जे मोल, ते कोकणातल्या किंवा गोव्यातल्या परसात जुन्या ढोलीला आहे, आणि नेमकी तीच पहिली जाते. पोकळ झालेला आंबा किंवा वठलेला माड घरावर पडेल या भीतीने पावसाच्या तोंडावर तोडला जातो. भीती खरी असेल तर झाड तोडावंच लागतं. पण ते मार्च-एप्रिलमध्ये तोडावं, वीण सुरू होण्याआधी. जून ते ऑक्टोबर या काळात संध्याकाळी एखाद्या ढोलीकडे शीळ घालत येणारी जोडी दिसली, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे शिकारीतच मोडतं. घरापासून लांब, पडलं तरी कुणाला इजा होणार नाही असं वठलेलं झाड असेल, तर त्याचा शेंडा उतरवून दहा-बारा फुटांचा पोकळ बुंधा तसाच उभा ठेवता येतो. अडईला आणि काणुकाला तेवढी उंचीही चालते.